दिवसा लागलेला पाट

शुद्धलेखन मला कधी जमलं नाही. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं ते मी अंदाजानं देते, आणि अक्षर तर कोंबडीनं माती उकरल्यासारखं. चौथी झाली, मग लग्न झालं, पाटी सुटली. हे कागद कुणाच्या हाती पडलेच तर त्यानं माफ करावं. तोंडानं मला हे कधी कुणाला सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

माझा पहिला नवरा लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. आमच्यात विधवेला पाट लावता येतो, म्हणजे दुसरा घरोबा करता येतो. पण पहिल्या लग्नात सासरच्यांनी घातलेला पैसा नव्या माणसानं त्यांना परत द्यायचा. माझ्यासाठी असा पैसा घेऊन कोणी आलं नाही, आणि मी वाटही बघितली नाही. झरीजवळच्या त्या गावात सासरीच राहिले. शेण, पाणी, दळण, भाकरी. वर मान करून बोलायची सवय पहिल्यापासून नव्हती, ते बरंच पडलं.

निजामाचं राज्य संपायच्या साली पावसाळ्यात सगळंच फिसकटलं. आज हे गाव लुटलं, उद्या ते जाळलं, अशा बातम्या यायच्या. लोक गाड्या जुंपून वऱ्हाडात निघाले. सासऱ्यांनीही धाकटा मुलगा, त्याची बायको-पोरं आणि दाणागोटा गाडीत घातला. सासूबाईंचे पाय गेलेले होते, त्या गाडीत टिकल्या नसत्या. त्यांच्यापाशी कोणीतरी राहायला हवं होतं. माझ्याकडं कोणी बघितलं नाही, पण मी राहणार हे सगळ्यांना माहीत होतं. उरलेल्या बैलांसाठी सालदाराला ठेवलं.

हा सालदार आमच्याच जातीतला, पण बाहेरगावचा. आईबाप नव्हते, लग्न झालेलं नव्हतं. वर्षाच्या बोलीवर, म्हणजे सालानं, आमच्या शेतात राबायचा. इतकी वर्षं तो दारात येऊन खोकायचा, मी ओट्यावर भाकरी ठेवायची, एवढंच आमचं बोलणं. आता गावात काही म्हातारी माणसं, महादेवाच्या देवळातला गुरव आणि कुत्री राहिली होती. एका सकाळी मी एकटीच दळत होते. हात भरून आले म्हणून थांबले. तो आत आला, जात्याच्या पलीकडं बसला आणि त्यानं खुंटा धरला.

मी कशीबशी म्हणाले, "गड्यामाणसानं जात्याला हात लावू नये."

"हसायला गावात हाय कोण, वैनी? ओढा."

त्याचा हात माझ्या हाताच्या वर होता, पण लागू देत नव्हता. मग रोजच तो दळायला बसू लागला.  जातं हलकं झालं होतं.

एकदा दुपारी घोडेस्वार आल्याची आवई उठली. त्यानं सासूबाईंना पाठीवर घेतलं आणि आम्ही ज्वारीत शिरलो. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, खाली चिखल. सासूबाईंना घोंगडीवर बसवलं.

"दुनिया बुडायलीय रे," त्या म्हणाल्या.

"बुडू द्या काकू, पण हळू बोला."

त्या गप्प बसणाऱ्या नव्हत्या. "मला तू पाठीवर घेतलंस. मी मेल्यावर हिचं कोण बघंल?"

"वैनी चालत्यात की."

"चालत्यात म्हणं! येड्या, मी काय इचारायलेय अन् तू काय सांगायलास? तुमी दोघं जात्यावर बसता ते मला दिसत न्हाई व्हय? पाय गेलेत माझे, डोळे न्हाईत गेले."

मला चिखलात तोंड घालावंसं वाटलं. त्यानं ज्वारीचं पान तोडून चुरडून टाकलं. म्हणाला, "माझ्यापाशी पैसा न्हाई, काकू."

"सालातून फेड. आकडा मी सांगते." आणि त्यांनी चांगली बैलजोडी येईल एवढा आकडा सांगितला.

"आत्याबाई, येवढा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"बघ, बोलली! अगं, कमी सांगितला तर तुझा सासरा म्हणंल, म्हातारीनं सून फुकट वाटली. जास्त सांगितला की न्हाई म्हणायला त्याची जीभ रेटायची न्हाई."

घोडेस्वार आलेच नाहीत. कुणाचं तरी घोडं दावं तोडून सुटलं होतं.

पाट रात्री, अंधारात लावायचा असतो. पाटाच्या बाईचं तोंड त्या रात्री सवाष्णीनं बघायचं नसतं, बघितलं तर तिचं कुंकू जातं म्हणतात. पण त्या दिवसांत अंधार पडला की पाट लावणारा गुरव काही केल्या देवळाचं दार उघडत नव्हता. म्हणून भर दुपारी आमच्याच अंगणात पाट लागला. नवरा बिनलग्नाचा असला की आधी त्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावतात. त्यानं रुईला मणी बांधला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सवत तुझ्याआधी आली गं. पण लय गुणाची हाय, भाकर मागायची न्हाई." गुरवही हसला.

मी पदर तोंडावर ओढून घेतला होता. सासूबाईंनी तो मागं सारला.

"आत्याबाई, तुमी सवाष्ण. बघू नका."

"माझं लेकरू गेलं, त्याच्या आदल्या रात्री मी कोणत्या पाटाच्या बाईचं तोंड बघितलं व्हतं? बघू दे मला."

त्यानंतर तो मला वैनी म्हणेना. दुसरं काय म्हणावं तेही त्याला सुचेना. हाक मारायची असली की बादली वाजवायचा. लोक उपाशी, घरं उघडी, आणि मी बादलीचा आवाज ऐकून पाण्याला निघायची. त्या थोड्या दिवसांत मला झोप चांगली लागत होती, हे लिहायलाही लाज वाटते.

मग फौज आली, राज्य गेलं. त्याच सुमारास सासूबाई हगवणीनं गेल्या. सासरे परतले ते बायकोच्या तेराव्यानंतर. सगळं ऐकून ते अंगणात खाली बसले.

"दिवसा लागलेला पाट? असला पाट म्या मानत न्हाई. वरून सवाष्णीनं तोंड बघितलं. म्हणूनच गेली ती."

मी दाराआड उभी होते. कधी मालकापुढं न बोलणारा हा, हळूच म्हणाला, "काकू कुंकवानिशी गेल्या, मालक. कुंकू तर शाबूत हाय. तुमी बसलाव की समोर."

सासरे त्याच्याकडं वळले. मग म्हणाले, "पैसा किती ठरला?" आकडा ऐकून त्यांनी विचारलं, "म्हातारीनं येवढा सांगितला?" आणि डोळ्यांना पंचा लावला. पण निकाल दिलाच. पैसा पूर्ण फिटेपर्यंत मी घरात, तो गोठ्यात. फिटला तर पाट खरा. मध्ये त्यानं साल सोडलं तर मी सून ती सूनच.

एकाच अंगणात आम्ही परक्यासारखे राहिलो. त्याच्या सालातून त्याला खायला आणि वर्षाला एक धोतर मिळायचं, बाकी पैशात वळतं व्हायचं. गाव पुन्हा भरलं होतं, त्यामुळं जात्यावर मी एकटीच. लोक म्हणायचे, त्या साली जग बुडालं होतं. मला वाटायचं, ते बुडालं तेव्हा आम्हाला जागा झाली. वर आलं आणि आमच्यावरच बसलं. एका साली त्याला हिवताप आला, कामाचे दिवस बुडाले, फेड लांबली. माझे पुढचे केस पिकले. तो सोडून गेला तर त्याला दोष द्यायचा नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. पण पहाटे गोठ्यात बादली वाजायची. मी उठायची.

शेवटच्या पाडव्याला सालाचा हिशोब झाला. थोडं कमी पडत होतं, ते त्यानं वरकड मजुरी करून आणलं होतं. सासऱ्यांनी पैसे मोजले, एक रुपया दगडावर वाजवून बघितला, आणि सगळे कनवटीला लावले. मी दाराला धरून उभी होते.

"फिटले सगळे," ते त्याला म्हणाले. "आता अंधाराची वाट बघू नगंस. ऊन हाय तवरच ने तिला."