ताईचे दोन शेवट

माझी ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. बाविसाव्या वर्षी ती घरातून गेली आणि परत आली नाही. तेव्हा आम्ही अंकुशनगरला कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. वडील उसाच्या वजनकाट्यावर कारकून होते. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला.

दुपारची वेळ होती. कसल्याशा फॉर्मला लावायचे फोटो अंबडच्या स्टुडिओत तयार झाले होते, ते आणायला ती निघाली. मी बाजेवर पडून वाचत होतो. ती म्हणाली, "मला सायकलवर रोडपर्यंत सोड ना."

मी पुस्तकातून डोकं न काढता म्हणालो, "जा ना तू. मी वाचून राह्यलो."

ती गेली. फोटो तिनं घेतलेच नव्हते, हे दुसऱ्या दिवशी स्टुडिओवाल्यानं सांगितलं. मग तक्रार दिली, नातेवाइकांची घरं पालथी घातली, वडील कुठल्या कुठल्या गावी जाऊन आले. काही म्हणजे काही कळलं नाही. कुणावर तिचा जीव होता का, घरात कशाला कंटाळली होती का, आम्हाला काहीच सांगता येईना. एका घरात राहून आम्हाला तिच्याबद्दल किती कमी माहीत होतं, ते तेव्हा कळलं.

पुढं मी जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत लागलो. ओल्या कागदात गुंडाळलेल्या बियांपैकी किती उगवल्या ते मोजायचं काम. जेवणाच्या सुट्टीत मी लिहायचो. सहा वर्षांत एक कादंबरी झाली. तिच्यात ताई होती, मी होतो, ती बाजही होती. फक्त शेवट माझ्याकडं नव्हता, म्हणून मी तो केला. शेवटच्या प्रकरणात विहिरीच्या काठावर तिच्या चपला सापडतात.

वडील तोवर निवृत्त होऊन मायला घेऊन माझ्याकडं जालन्याला आले होते. मायला वाचता येत नव्हतं. रोज दुपारी ते तिला कादंबरी वाचून दाखवायचे. शेवटच्या प्रकरणाशी आले आणि म्हणाले, "झालं, संपलं पुस्तक." माय हुशार होती. तिनं राहिलेली पानं बोटानं चाचपली आणि संध्याकाळी मी आल्यावर पुस्तक माझ्यापुढं ठेवलं.

"हे राह्यलेलं वाच."

मी वाचलं. वडील उठून बाहेर गेले. माय शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुला कुठं दिसली ती हिरीत?"

"न्हाई दिसली."

"मंग का लिहिलं?"

कादंबरीला एक छोटं बक्षीस मिळालं. कार्यक्रमाला माय आली नाही. वडील आले, मागच्या रांगेत बसले. पुढच्याच वर्षी ते गेले.

काही वर्षांनी मुंबईच्या एका दिग्दर्शकाचा फोन आला. कादंबरी वाचून त्याला मालिका करायची होती आणि पटकथा मीच लिहावी असं त्याचं म्हणणं होतं. मी नोकरी सोडली. पटकथा लिहायला मला त्यानंच शिकवलं. 'तिला वाईट वाटतं' असं मी लिहिलं की तो म्हणायचा, "ते कॅमेऱ्याला दिसत नाही. ती काय करते ते लिहा." वाहिनीची एकच अट होती, नायिका मरता कामा नये. मी भांडेन असं दिग्दर्शकाला वाटलं होतं. मी एका आठवड्यात नवा शेवट लिहून दिला. नायिका बारा वर्षांनी एसटीतून उतरते, घराच्या दारात येते, आई तिला मिठीत घेते.

तो प्रसंग तीर्थपुरीजवळच्या एका घरात चित्रित झाला. नटी ताईसारखी मुळीच दिसत नव्हती. पण सगळे तयारीत असताना ती पाठमोरी उभी राहून वेणी घालत होती, तेव्हा मला तिथं थांबवेना. मी शेतातून चालत रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

मालिका संध्याकाळी सातला लागायची. शेवटच्या भागात नटी दारात आली, तेव्हा माय उठली आणि आमच्या दाराची कडी काढून आली. पडद्यावर दोघी रडत होत्या. माय उघड्या दाराकडं बघत बसली. त्यानंतर रोज सातला ती कडी काढायची. मी एकदा म्हणालो, "माय, ते मी मनानंच लिहिलंय." ती म्हणाली, "माहिती आहे मला."

त्याच सुमारास एक फोन यायला लागला. पलीकडं बाई असायची. श्वास ऐकू यायचा, मग फोन बंद. तिसऱ्या वेळी ती बोलली, "ते तुम्हीच लिहिलंय ना? मला भेटायचंय." नाव सांगेना. मी मायला काही न सांगता जालन्याच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात गेलो.

ती ताई नव्हती. ताईच्या हनुवटीवर जुनी खूण होती, हिच्या नव्हती, आणि ही बाई माझ्याहूनही उंच होती. मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करायची. घनसावंगीकडचं एक गाव सोडून तिला सतरा वर्षं झाली होती. चहा तसाच ठेवून तिनं विचारलं, "तुमच्या सिरियलमधी दारात गेल्या गेल्या मिठी मारतेत. खरंच असं असतं का?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही. मी आईसाठी लिहिलं."

तिनं कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "तुम्ही येता का संग?"

रविवारी आम्ही दोघं तिच्या गावी गेलो. दारात तिचा भाऊ बाजेची सुतळी ओढत बसला होता. त्यानं वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं, हातातली गाठ पुरी केली. मग आत हाक मारून पाणी आणायला सांगितलं. आम्ही पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "माय दोन सालामागं गेली." आणि मला विचारलं, "तुम्ही यांचे कोण?"

सख्ख्या बहिणीला तो 'यांचे' म्हणाला. मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

तासाभरानं आम्ही उठलो. भाऊ फाट्यापर्यंत सोबत आला. गाडी दिसल्यावर म्हणाला, "दसऱ्याला ये."

घरी येऊन मी मायला सगळं सांगितलं. फोन आल्यापासून मला काय वाटत होतं, तेही. तिनं एवढंच म्हटलं, "मला भेटव तिला."

मी त्या बाईला घरी बोलावलं. मायनं चहा केला, पोहे केले. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मायनं तिचा हात हातात घेतला.

"एक विचारू का बाई? निघताना तुझ्या मनात काय होतं?"

ती आठवत राहिली. खोटं बोलायचं नाही, असं तिनं ठरवलेलं दिसत होतं.

"काहीच नव्हतं, मावशी. पाय लई भाजून राह्यले होते उन्हात. तेवढंच आठवतंय."

मायनं मान हलवली. हात तसाच धरून ठेवला.

दसऱ्याला बाई भावाकडं जाऊन आली, असं तिनं फोनवर सांगितलं. वहिनीनं साडी नेसवली, भाऊ अजून मधेच अहो-जाहो करतो म्हणाली. आता ती महिन्यातून एखादा रविवार आमच्याकडं येते. दोघी बाहेरच्या ओट्यावर शेंगा फोडत बसतात. मी आत लिहीत असतो. कधीकधी बाहेरून दोन बायकांचं हसणं ऐकू येतं, आणि मला उठून बघायचा धीर होत नाही.