आबांचा कप आणि वहिनींच्या हातातली सुतळी

आमच्या घराण्यात बेसबॉल कुणालाही कळत नाही, आणि तरीही स्पर्धेतली सर्वोत्कृष्ट खेळाडू निवडायला मला बोलावलं होतं.

कारण एवढंच, की कप मी दिला होता. आमचे वडील, आबा, जन्मभर आमच्या गावी, माल्यात, भात लावत राहिले. बेसबॉलशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण माझी पुतणी श्रावणी पौडच्या शाळेच्या संघात पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी, झाली आणि मी बावधनमध्ये बसल्या बसल्या जाहीर केलं, "कै. आबांच्या स्मरणार्थ कप! फिरता नाही, कायमचा!" (हिशोब साधा होता. कप मी द्यायचा, श्रावणीने जिंकायचा आणि तो आमच्याच शोकेसमध्ये परत यायचा. देणगीची देणगी, वर शोकेसही भरलेलं!)

आणि श्रावणी जिंकणार यात मला तरी शंका नव्हती. लहानपणापासून भातावरची पाखरं गोफणीने उडवलेला हात तो! तेव्हा मी फायनलच्या आदल्या दिवशीच फ्लेक्स छापून घेतला. 'बेसबॉल स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू कु. श्रावणी हिचे हार्दिक अभिनंदन!' मधे तिचा फोटो आणि खाली शुभेच्छुक म्हणून गॉगल घातलेला मी. (माझा फोटो तिच्यापेक्षा किंचित मोठा होता. म्हणजे दुप्पट. पण तो फ्लेक्सवाल्याचा दोष.)

तो फ्लेक्स माल्याच्या फाट्यावर गुंडाळून टांगला आणि सुतळीचं टोक वहिनींच्या, म्हणजे श्रावणीच्या आईच्या, हातात दिलं.

"वहिनी, निकाल लागला की मी मिस्ड कॉल देतो. तुम्ही सुतळी ओढायची."

"आन् फटाके?"

"दुसरा मिस्ड कॉल आला की फटाके."

(आता फोन फुकट झालेत, हे मलाही माहीत आहे. पण आमच्या घरात 'पोचलो', 'निघालो', 'भाकरी टाका' हे सगळं वर्षानुवर्षं मिस्ड कॉलवर चालत आलंय. फोन उचलणं हा आमच्याकडे उधळेपणा समजतात.)

पौडच्या मैदानावर फायनल झाली आणि आमच्या पोरी जिंकल्या. शाळेचे क्रीडाशिक्षक, देशमाने सर, घाम पुसत आले. "बाळासाहेब, दोन नावं आहेत. तुमची श्रावणी आणि रशीदभाईंची मुस्कान. माझं काही ठरत नाही. तुम्ही दोघं सांगा."

शेजारीच बसलेले रशीदभाई माझे शाळेपासूनचे मित्र. पौडच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे आणि संघाचे कपडे त्यांनी स्वखर्चाने शिवून दिले होते. त्यांची मुस्कान कॅचर, म्हणजे श्रावणीचा चेंडू झेलायला जाळीचा मुखवटा लावून उकिडवी बसणारी.

आता मी काय बोलायला हवं होतं? 'श्रावणी' हा एकच शब्द. पण समोर रशीदभाई! त्यांच्या तोंडावर आपल्याच पोरीचं नाव कसं घ्यायचं? पंगतीत पहिला लाडू स्वतःच्या ताटात वाढून घेतल्यासारखं ते. मी म्हणालो, "छे छे, मुस्कानच!" (आता ते 'श्रावणी' म्हणतील, मी 'नको नको' म्हणेन, ते आग्रह करतील आणि मी नाइलाजाने मान तुकवेन, ही माझी योजना.)

रशीदभाई म्हणाले, "खुळं का काय, बाळासाहेब? श्रावणीच! काय हात हाय पोरीचा!"

"हात आहे, पण झेलणारी नसती तर चेंडू पिरंगुटला गेला असता!"

"झेलायचं काय? निस्तं बसायचं आन् हात फुडं करायचा!"

"निस्तं? तुम्ही माळ्यावरून पातेली खाली सोडता आणि ही दुकानात खाली उभी राहून झेलते. आजवर एका पातेल्याला पोचा आलाय का?"

"पातेल्याचं काय सांगताय! माझी पोरगी हाय, मला ठावं हाय. काय इशेष न्हाई तिच्यात!"

"खबरदार मुस्कानला काही बोललात तर!"

सर आळीपाळीने दोघांकडे बघत होते. आपापल्या पोरीसाठी भांडणारे पालक त्यांनी पुष्कळ पाहिले असतील, पण एकमेकांच्या पोरीसाठी गळपट्टी धरायला निघालेले बहुधा पहिलेच.

तेवढ्यात मागून आवाज आला. "अब्बा, निस्तं बसायचं व्हय? तुमी बसून दावा की जरा!"

मुस्कान उभी होती. मुखवटा डोक्यावर, गुडघ्याला माती, डावा तळवा वांग्यासारखा जांभळा. रशीदभाईंचं तोंड एवढंसं झालं. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते हाताच्या दुखण्याचं नव्हतं. बापाने मोठ्या मनाने नाकारलेलं लेकीला असं ऐकू येतं, हे आम्हा दोघा शहाण्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

श्रावणी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. "काका, शेवटी माझे चेंडू कुठे पडत होते, पाहिलंत ना?"

पाहिले होते. मातीत पडत होते. शेवटच्या डावात तिचा नेम सुटला होता आणि प्रत्येक चेंडू मुस्कान अंगावर घेत होती. छातीवर, मांडीवर, एक तर गळ्यापाशी. मग ती उठून श्रावणीजवळ गेली होती, मुखवटा वर करून काहीतरी बोलली होती, श्रावणी हसली होती आणि पुढचे चेंडू सुतात आले होते.

"काय म्हणाली माहितीये? म्हणाली, 'तू कशी बी टाक. मी हाय हितं.'"

काका लोकांनी अशा वेळी घसा खाकरायचा असतो. मी खाकरला. मघापासून मी शिष्टाचारापायी जे बोलत होतो ते सगळंच्या सगळं खरं निघालं होतं! एका पोरीने न घाबरता फेकावं म्हणून दुसरीने सारा दिवस मार खाल्ला होता, आणि मी मात्र शोकेस मोजत होतो.

"सर," मी म्हणालो, "मुस्कान. आणि हे मी आता भिडेखातर बोलत नाहीये."

आबांचा कप मुस्कानने हातात घेतला तेव्हा सगळ्यात जोरात शिट्टी श्रावणीने मारली. रशीदभाई लेकीचा जांभळा तळवा हातात धरून नुसतेच उभे होते.

इथवर सगळं छान होतं. मग मला फ्लेक्स आठवला!

आणि मी तर रशीदभाईंना, मुस्कानला, सरांना, सगळ्यांना जेवायला माल्याला बोलावलेलं! मी गाडीमागे जाऊन घाईघाईने वहिनींना फोन लावला. सुतळी ओढू नका, एवढंच सांगायचं होतं. रिंग वाजली. वाजली. वाजत राहिली. वहिनींनी उचलला नाही.

म्हणून मी पुन्हा लावला.

(तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.)

फाट्यावर पोचलो तेव्हा धूर अजून विरला नव्हता. फ्लेक्स झोकात उलगडलेला, खाली हात जोडून वहिनी. "भावजी, दोन्ही कॉल मिळाले बरं का! लगीच वडली!"

रशीदभाई जीपमधून खाली उतरले. वरपासून खालपर्यंत फ्लेक्स वाचला. मला वाटलं, शाळेपासूनची मैत्री इथे संपली.

"बाळासाहेब," ते सावकाश म्हणाले, "म्हंजी हे छापून बसला व्हता, आन् तितं माझ्या पोरीसाठी भांडत व्हता?"

"हो... म्हणजे... काय झालं..."

"मंग तर लई मोठं काळीज तुमचं!" असं म्हणून त्यांनी मला मिठीच मारली. (मी ती मिठी घेतली. खरं काय ते मटण वाढल्यावर सांगितलं. तेव्हा ते इतके हसले की त्यांना पाणी पाजावं लागलं.)

जेवणानंतर दोघी पोरी कात्री घेऊन फाट्यावर गेल्या आणि श्रावणीने स्वतःच्या नावापासून 'शुभेच्छुक'पर्यंतचा भाग, फोटोसकट, नीट कापून काढला. "काका, खोटं कशाला ठेवायचं?"

"मग सगळाच उतरवा की!"

"बाकीचं राहू दे," मुस्कान म्हणाली. "चांगलं दिसतंय."

आता माल्याच्या फाट्यावर वर 'बेसबॉल स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू', मधे आरपार आभाळ आणि खाली गॉगल घातलेला मी, एवढंच उरलंय. एसटीतून उतरणारी माणसं मला थांबवून विचारतात, "ह्या वयात बेसबॉल? कमाल हाय बुवा!"

शेवटी परवा फ्लेक्स उतरवायला सांगावं म्हणून वहिनींना फोन लावला. त्यांनी उरलेले फटाके लावले.