पिठोरीचं वाण

तापाने फणफणलेल्या लेकीला अंथरुणातून उठवून मी वाण घ्यायला उभी केली होती. असला शहाणपणा मी केलेला आहे. सांगून टाकते, कारण हल्ली मे महिन्यात नाती मोबाइलवर गुलाब पाठवून ‘हॅपी मदर्स डे, आजी’ म्हणतात आणि मी फार थोर आई असल्यासारखी हसून घेते.

आमचा मातृदिन श्रावणातल्या अमावास्येला. पिठोरी. कहाणी सासूबाईंनी सांगितलेली. एका बाईचं मूल दर वर्षी नेमकं याच दिवशी दगावायचं. शेवटी घरच्यांनी तिला मेलेल्या बाळासकट रानात हाकललं. तिथे चौसष्ट योगिनी पूजेला जमल्या होत्या. त्यांनी प्रसाद पुढे करून विचारलं, “अतिथी कोण?” ही म्हणाली, “मी.” आणि तिची सगळी मुलं जिवंत झाली. म्हणून आई खीरपुरीचं ताट खांद्यावरून मागे धरते आणि तेच विचारते. मूल “मी आहे” म्हणून ताट घेतं. तोवर मागे बघायचं नाही.

बाकीच्या बायकांच्या लक्षात राहतात ती परत मिळालेली मुलं. माझ्या डोक्यात रुतून बसलं ते एवढंच: याच दिवशी दगावायचं.

तेव्हा आम्ही मोखाड्याला भाड्याने राहत होतो. यजमान मास्तर, त्या दिवशी कामासाठी जव्हारला गेलेले. लेक पाच वर्षांची, आदल्या दिवसापासून अंगात ताप. दवाखाना गाठायचा सोडून ही विदुषी पूजेसाठी पिठाच्या योगिनी वळत बसली. तांदळाचं पीठ संपलेलं, म्हणून नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या पिठाच्या. माझा हात असा, की योगिनी कुठली आणि लाडू कुठला ते योगिनींनाही कळलं नसतं. मधूनमधून त्याच हाताने लेकीचं कपाळ चाचपायचे. कपाळ सगळं पिठाने माखलं आणि ताप काही कमी होईना. एकदा वाण तिच्या हातात पडलं की संकट टळलं, असं मी स्वतःला बजावत होते.

दिवेलागणीला तिला पाठीमागे उभी केली.

“अतिथी कोण?”

उत्तर नाही. लेक खोडकर, आईवर गेलेली. वाटलं, मुद्दाम गप्प बसलीय.

“अतिथी कोण?” जरा जोरात. हात भरून आले होते. मागे काहीतरी धप्प वाजलं. तरी बाई ढिम्म! मागे बघितलं तर वाण मोडेल, आणि मोडलं तर? तिसऱ्या वेळी मी किंचाळलेच.

तेवढ्यात घरमालकीण दारात आली.

“मास्तरीणबाई, मागं बघा! पोर पडली!”

“मागे बघायचं नसतं!”

“मग नका बघू! बाजूला तरी व्हा, मी उचलते!”

लेकीला खांद्यावर टाकून ती नाक्यावरच्या भाड्याच्या जीपकडे धावली. मी तिच्यामागे, ताट हातातच. जव्हारचा रस्ता धुक्यात बुडालेला. ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून वळणं शोधत होता. लेकीचं डोकं माझ्या मांडीवर आणि माझं बोट तिच्या नाकाखाली. गाडी हादरली की तिचा श्वास बोटाला लागेनासा व्हायचा आणि माझाही थांबायचा.

“बोट काढा वो,” घरमालकीण म्हणाली, “पोरीला वारा तरी घेऊ द्या.”

दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरांनी ताप कधीपासून आहे ते विचारलं. कालपासून, मी सांगितलं. मग दिवसभर काय करत होतात, हे त्यांनी विचारलं नाही.

सकाळी ताप उतरला. लेकीने डोळे उघडले. कपाळावर पीठ तसंच वाळलेलं. तिला पाणी द्यावं, जवळ घ्यावं, ते राहिलं बाजूला. माझ्या तोंडून निघालं, “अगं, तू उत्तर का नाही दिलंस?”

ती म्हणाली, “दिलं होतं ना, आई. मी आहे, मी आहे, म्हटलं. तूच ओरडत होतीस.”