तानाजी गावडे यांचं पहिलं मत

तानाजी गावडे मालवणजवळचे. चोवीस वर्षं ते ओमानमधल्या सूरमध्ये लाकडी गलबतांच्या कारखान्यात सुतार आहेत. गलबताची फासळी नुसत्या नजरेने जुळवतात, मोजपट्टी नंतर लावतात, ती शंका घेणाऱ्यांसाठी. वय सेहेचाळीस, पण २०२४च्या उन्हाळ्यापर्यंत त्यांनी एकदाही मत दिलेलं नव्हतं. वयात आल्यावर पहिली निवडणूक झाली तेव्हा ते ट्रॉलरवर होते, नंतर ओमानमध्ये.

त्या एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावरचा इंजिनिअर अनुप मेश्राम पहिल्या टप्प्यात नागपूरला जाऊन मत देऊन आला. आठवडाभर तो शाई लागलेलं बोट वर धरून जेवला. त्यानेच महाराष्ट्राच्या अठ्ठेचाळीस मतदारसंघांचा नकाशा, पाच टप्प्यांचे पाच रंग भरून, तानाजींच्या स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला. सिंधुदुर्ग हिरवा, सात मे. डोंबिवली पिवळी, वीस मे. ती तानाजींच्या खोलीत राहणाऱ्या स्टोअरकीपर कौशिकची. कारखान्यातून एका वेळी एकालाच सुट्टी मिळते, त्यामुळे हे रंग सोयीचे होते.

तानाजींनी दोन मेलाच बॅग दोरीने बांधली, चारही बाजूंना नाव लिहिलं. आत हलव्याचे सहा डबे होते. सातला मत नक्की कुठल्या शाळेत, एवढंच विचारायला बायकोला फोन केला. मंगला दोन वर्षांपूर्वी मुलांच्या कॉलेजसाठी विरारला राहायला गेली होती.

ती म्हणाली, "तुमचा नाव विरारात आसा. मी सगळ्यांची एकदम बदलून घेतलंय. घर एक, मग मतां दोन गावांत कित्याक?"

विरार म्हणजे पालघर मतदारसंघ. तानाजींनी दारावर पाहिलं. पिवळा. वीस मे.

घरापासून दूर राहणाऱ्यांची ही खास चूक: घर हलतं, आणि माणूस मनाने जुन्याच घरी उतरत राहतो.

कौशिकने आपली तारीख सोडायला नकार दिला. लग्न ठरलेली पूर्वा आणि तो एकाच रांगेत उभे राहणार होते. "काका, तुम्ही चोवीस वर्षं थांबलात. आणखी पाच थांबा की."

तानाजींनी दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. मासे मात्र त्याच्या वाटणीचेही तळले.

तिसऱ्या दिवशी दोघं एकदमच सुट्टी मागायला अर्बाबकडे, म्हणजे मालक खमीस यांच्याकडे गेले. तानाजी नकाशाच काढून घेऊन गेले होते. खमीसना रंग फार आवडले. हा लाल भाग कोणाचा, तो निळा कोणाचा, असं विचारत त्यांनी अर्धा तास घालवला. मग एक बटण दाबायला विमानाने जाणाऱ्या माणसांकडे बघून ते खोखो हसले. आदल्या ऑक्टोबरमध्ये ओमानच्या निवडणुकीत त्यांनी स्वतःचं मत फोनवरच्या ॲपवरून, कॉफी पिता पिता, मिनिटभरात दिलं होतं.

गलबताचं काम अडेल, असं कौशिकच म्हणाला. तो प्रामाणिक स्टोअरकीपर आहे.

खमीस म्हणाले, "नाव अभी पानी में किधर है? डूबेगा कैसे? दोनों जाओ. यल्ला."

जिना उतरताना तानाजींनी कौशिकच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याच्या हातातल्या किल्ल्या खाली पडल्या. दोघं हसत हसत त्या गोळा करत राहिले. बॅग पुन्हा भरून बांधावी लागली, कारण निघेपर्यंत हलव्याचे दोन डबे खोलीतच संपले.

वीस तारखेला तानाजी विरारच्या रांगेत पावणेदोन तास उन्हात उभे होते. सूरच्या मे महिन्यापुढे हे ऊन म्हणजे थट्टा, असं त्यांनी मागच्यापुढच्या सगळ्यांना सांगितलं. मत दिल्यावर, मन भरलं नाही म्हणून, पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले, मंगलाने हाताला धरून बाहेर काढेपर्यंत.

कामावर परतले तेव्हा त्यांनी डाव्या हातात मोजा घातला नाही. खमीसनी फोन दाखवून पुन्हा चिडवलं, की मिनिटात खलास.

तानाजींनी बोट पुढे केलं. "अर्बाब, आपका वोट एक मिनट में खलास. मेरा बकरी ईद तक दिखेगा."