किसनचं नाक आणि गुलाबी पावडर

नाकाचे किस्से एकदा सुरू झाले की थांबत नाहीत. एकाचं वाहतं, दुसऱ्याचं चोंदतं आणि इलाज सांगायला सगळा गाव तयार! पन्नासच्या दशकात मी चिंचवडच्या एका छोट्या दंतमंजनाच्या कारखान्यात डबे भरायचो. माझ्या शेजारी किसन गुलाबी पावडर चाळायचा. हे किस्से त्याच्या नाकाचे. कुणाचं किती बरोबर होतं, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही.

*

किसन पिंपरी गावातला. नोकरी लागली त्याच महिन्यात त्याचं लग्न झालं आणि त्याच महिन्यात नाक बंद झालं! गाल दुखायचे, कपाळ ठणकायचं. कारखाना लवंगेनं घमघमत असायचा आणि हा विचारायचा, "आज लवंग टाकली न्हाई का राव?"

मालक चक्रावले. म्हणाले, "एवढी लवंग रोज फुकट नाकात जाते, तुला सर्दी होतेच कशी?"



*

मुकादम म्हणाला, नाकात तूप सोड. वॉचमन म्हणाला, तपकीर ओढ. किसननं कुणालाच नाराज केलं नाही, दोन्ही एकाच दिवशी केलं. मग अशी शिंक आली की चाळणीतली सगळी पावडर आमच्या अंगावर! मालक धावत आले.

"काय चाललंय हे?"

"इलाज चाललाय, साहेब!" गुलाबी मुकादम म्हणाला.

*

शेवटी मी त्याला डॉक्टरकडे नेलं. त्याची आईही आली. डॉक्टर म्हणाले, "गालाच्या आणि कपाळाच्या हाडांत पोकळ्या असतात. त्यांची तोंडं सुजून बंद झालीत. याला सायनसचा त्रास म्हणतात. कारण धूळ असेल, जुनी सर्दी असेल, नाहीतर नाकाचा पडदा वाकडा असेल. वाफ घे, मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धू."

आईनं त्यातलं एकच धरलं. "वाकडा? लग्नाआदी सरळ व्हता!"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

*

पुढचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. आईनं सुनेला, हौसाला, चाकणजवळ माहेरी धाडलं. "नाक उघडल्याबिगर तिला आणायची न्हाई!" किसन आईपुढं बोलू शकला नाही. चाळणीपाशी डोळे पुसायचा, आणि लोकांना वाटायचं सर्दी वाढली. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

*

यात्रेसाठी कारखाना बंद होता, तेव्हा किसन चार दिवस सासरवाडीला गेला आणि काय नवल, नाक उघडलं! घरी येऊन आईला म्हणाला, "हौसापाशी माझं नाक चालतं. आता तरी आणू का तिला?" आई गोंधळली. हो म्हणणार, तेवढ्यात कारखाना सुरू झाला आणि दोन दिवसांत नाक पुन्हा बंद.

"बघ! तिथनंबी करणी करती ती!" आई म्हणाली.

किसननं मला विचारलं, "राव, तुमाला काय वाटतं?" मी म्हटलं, "तू वाफ घेत राहा."

*

मग आईचंच नाक चोंदलं! पुन्हा आम्ही तिघं डॉक्टरपुढं.

"कधीपासून?"

"सून गेल्यापास्नं."

"तिचं कुठलं काम तुमच्याकडे आलं?"

"ह्याची कापडं धुयाचं. झटकली की गुलाबी धुरळा उठतोय नुसता."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सून शिंकायची का हो?"

आईनं आठवून पाहिलं. "रोज. मला वाटायचं, नाटकं करती."

दुसऱ्या दिवशी आई स्वतः एसटीनं चाकणला गेली. हौसा म्हणाली, "येते, आत्याबाई. पन ह्यांची कापडं हेच धुतील."

त्या रविवारी पवनेच्या घाटावर बायकांच्या रांगेत किसन बसला होता. नाकावर फडकं, पाणी गुलाबी, आणि स्वारी खुशीत! वरच्या पायरीवर सासू-सून शेजारी बसून शेंगा सोलत होत्या.

"आधी भिजीव, मग आपट!" आई ओरडली. "आमी काय पुन्यांदा शिंकायचं व्हय?"