हवालदार भालेरावांची कणीक

उत्तर सीमेवर तोफखान्यात माझी पोस्टिंग होती. दारूगोळा उतरवताना गाडीवरून घसरलो आणि उजवं मनगट मोडलं. ऑपरेशन करून हाडात स्टीलच्या पिना घातल्या. पिना निघाल्या, पण मनगट वळेना. चहाचा मगही धरवेना. मेडिकल बोर्डासमोर पकड दिसली नाही, तर तोफेवरून कायमची उचलबांगडी आणि स्टोअरमधली खुर्ची. त्या दिवसांत मी कुणाशीही धड बोलत नव्हतो.

हवालदार भालेराव आमच्या लंगरचे, म्हणजे फौजी स्वयंपाकघराचे प्रमुख. माझ्याच नाशिकचे, घर इंदिरानगरात.

"फिजिओ काय म्हणतात?"

"मूठ आवळा, मनगट फिरवा. रबरी चेंडू दिलाय."

"चेंडू ठेव खिशात. उद्यापासून कणीक मळायला ये."

"उस्ताद, मी गनर आहे."

"मग? गनर काय पोळ्या खात नाहीत?"

पहिल्याच दिवशी कळ डोक्यात गेली, डोळ्यांत पाणी आलं. भालेरावांनी चिरलेला कांदा माझ्यापुढे सरकवला. "कुणी विचारलं तर याचं नाव सांग."

माझ्या वेड्यावाकड्या पोळ्या ते आधी स्वतःच्या ताटात घ्यायचे. इतरांना हसायला मिळू नये म्हणून. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बोर्ड पास झालो. त्या दिवशी लंगरात शिरा होता.

त्याच हिवाळ्यात ते दोन जवान घेऊन वरच्या पोस्टवर जेवण पोचवायला निघाले. दुपारी मी रेडिओजवळ होतो.

"लंगर पार्टी पोचली का? ओव्हर."

"नाही. नाल्यात बर्फ घसरलाय. दोघं वर आलेत. भालेराव उस्ताद बर्फाखाली आहेत. ओव्हर."

आम्ही धावलो. फावडं मी उजव्या हातात घट्ट धरलं होतं. ते एकदाही सुटलं नाही. भालेराव सापडले तेव्हा श्वास थांबला होता. पाठीवरच्या डब्याचं झाकण घट्ट होतं, आतली डाळ अजून कोमट होती.

सुभेदार साहेब एवढंच म्हणाले, "जेवण वर पोचवा."

डबा मी पाठीवर घेतला.

आता निवृत्त होऊन नाशिकलाच असतो. दर वर्षी त्यांच्या स्मृतिदिनाला इंदिरानगरला जातो. फोटोपुढे मेणबत्ती लावून झाली की वहिनी परात माझ्यापुढे सरकवतात.

"भाऊजी, कणीक तुमची."

थंडीत मनगट ठणकतं. मी मळत राहतो. पहिली पोळी अजूनही वाकडीच होते. ती वहिनी कुणाला वाढत नाहीत, स्वतःच्या ताटात घेतात.