डावीकडची धूळ

एका माणसात दुसरं माणूस बघायची मला जुनी खोड आहे. भाजीवाल्याचं हसणं ऑफिसातल्या जुन्या बाबूसारखं आहे, शेजारीण चालायला लागली की थेट तिच्या सासूसारखी दिसते, असं मी तोंडावर बोलून मोकळी होते. समोरच्याला ते रुचतं की नाही, याची फिकीर मी कधी केली नाही. बास्केटबॉलच्या मैदानावर तर या खोडीचं कौतुकच व्हायचं. कुठल्याही पोरीचा खेळ पाच मिनिटं पाहिला की ती कोणत्या मोठ्या खेळाडूसारखी खेळते, हे मी सांगायची आणि ऐकणारे माना डोलवायचे. इथे मात्र मी त्यांतल्या एकाचंही नाव घेणार नाही. नाव घेतलं की लोक खेळ बघायचं सोडतात. मीच सोडलं होतं, दुसऱ्यांना काय सांगू?

मी स्वतः गार्ड होते. गार्ड म्हणजे चेंडू पुढे घेऊन येणारी, संघात सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांवर ओरडणारी. माझ्या वेळी आमच्या संघात एक नावाजलेली दीदी होती. माझी चाल तिच्यासारखी म्हणून मला सगळे ‘छोटी’ म्हणायचे. मी कितीतरी वर्षं खेळले, पण त्या मैदानांवर माझं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. मला त्याचा तेव्हा अभिमानच होता. त्या ‘छोटी’च्या जोरावर खेळाडूंच्या कोट्यातून मला सरकारी नोकरी लागली. आजोबा विदर्भातून रेल्वेच्या कामावर रायपूरला आले, त्यांच्यानंतर आमच्या घरात पक्की नोकरी आली ती माझीच.

माझा भाऊ रायपूरातच, गुढियारीत एका गोदामात माल उतरवून घ्यायच्या कामावर आहे. त्याला एकच मुलगी. ती अकरा वर्षांची असताना त्याने तिला मैदानावर आणून माझ्यापुढे उभं केलं. म्हणाला, “हिले तूच पाहाय आता. घरात नुस्ती उड्या मारून राहिली.” तेव्हापासून संध्याकाळी ती माझ्याकडे. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, सगळ्या पोरींसारखं तिला माझं मराठी पुरतं कळायचं आणि उत्तर मात्र हिंदीत यायचं. फक्त ‘आत्या’ हा शब्द तेवढा मराठी.

आमचं मैदान समाजभवनाच्या मागे आहे. सिमेंटचं, दोन रिंगांचं, त्यांतल्या एकीला जाळी नाही. भिंतीपलीकडे धान्याची गोदामं. दिवसभर पोती चढतात-उतरतात, आणि संध्याकाळपर्यंत मैदानावर कोंड्याची आणि धुळीची बारीक साय धरते. म्हणून मी नियम केला होता, जी सगळ्यांत शेवटी येईल तिने खराटा मारायचा. माझी भाची रोज शेवटी यायची. आठ वर्षांत खराटा दुसऱ्या कुणाच्या हातात गेल्याचं मला आठवत नाही.

झाडायची तीही अर्धवट. सगळं मैदान साफ करायची आणि जाळीवाल्या रिंगच्या डाव्या बाजूची एक पट्टी, असेल दोन-तीन हात रुंद, तशीच सोडून द्यायची. मी खेकसले की म्हणायची, “इधर थोड़ा रहने दो ना, आत्या.”

“काहून? तिथं का सोनं गाडून ठेवलं तू?”

ती हसायची आणि खराटा भिंतीला लावून पळायची. मला वाटायचं, आळशी आहे. बापावर गेली आहे, असंही मी म्हणायची. तुलना तर माझ्या तोंडावर बसलेलीच होती.

सतराव्या वर्षी तिचा खेळ खुलला. उंची नव्हती, उडी बेताची. पण एक गोष्ट तिच्याकडे अशी आली की मी हातातली शिट्टी वाजवायची विसरले. डाव्या बाजूने ती चेंडू आपटत भरधाव यायची, अडवणारी पोरगी तिच्याबरोबर धावायची, आणि ही मध्येच थांबायची. समोरची दोन-तीन पावलं पुढे निघून जायची, तिला स्वतःला आवरता यायचं नाही. तोवर हिने निवांत चेंडू रिंगमध्ये टाकलेला असायचा. हिचा चेहराही बदलायचा नाही.

त्याच दिवसांत एकदा सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी मोबाईलवर अमेरिकेतली मॅच बघत होते. तिथला एक मोठा गार्ड, ज्याच्यासाठी लोक वेडे आहेत, डाव्या बाजूने आला आणि तसाच थांबला. माझा चहा ओट्यावर निवून गेला. मी ती क्लिप कापली, भाचीची क्लिप तिच्याखाली जोडली, वर तो आणि खाली ती, आणि आमच्या खेळाडूंच्या ग्रुपवर टाकून दिली. दुपारपर्यंत ती कुठे कुठे फिरली कोण जाणे. अभनपूरहून एका जुन्या खेळाडूचा फोन आला, “यह बच्ची किसकी है?” मी म्हणाले, “हमारी है.” असं म्हणताना मला काय वाटलं, ते मी कधी विसरणार नाही, आणि आता ते आठवायलाही नको वाटतं.

मग लोक मैदानावर यायला लागले. उभे राहून म्हणायचे, वो वाला करके दिखाओ. भाचीला संकोच व्हायचा. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, “आत्या, मैं उसके जैसा नहीं करती. मैं तो बस रुक जाती हूँ.”

“तेच तं. तोही रुकतेच.”

ती चेंडू घेऊन परत गेली. तिला काहीतरी सांगायचं होतं. मी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. मी तिला त्या माणसाच्या क्लिप दाखवायची, त्याचा खांदा कसा पडतो, नजर कुठे असते, हे घोटून घ्यायची. पोरगी मुकाट्याने करायची.

एका सरकारी खात्याच्या संघासाठी दोन गार्डची भरती निघाली, तेव्हा ती एकोणीसची होती. बारावीत दोनदा आपटलेली. अभ्यासातून काही होणार नाही, हे तिलाही माहीत होतं आणि आम्हालाही. निवड झाली तर नोकरी. नाही झाली तर गुढियारी, आणि बापासारखी कुठेतरी उभी राहायची पाळी. भावाने मला एवढंच विचारलं, “होईन का?” मी म्हणाले, “होते म्हणजे काय, झालंच समज.” तो “हव” म्हणून कामावर गेला. त्या दिवशी त्याने गोदामात सगळ्यांना सांगून टाकल्याचं मला मागाहून कळलं.

चाचणी दुसऱ्या शहरातल्या बंद हॉलमध्ये होती, लाकडी फरशीवर. तिथे चांगले बूट लागतात, हे मला माझ्या दिवसांपासून माहीत होतं. भाचीच्या बुटांचे तळवे घासून घासून काचेसारखे गुळगुळीत झाले होते. मी शंकरनगरच्या दुकानातून नवे आणले, तो अमेरिकेतला घालतो त्याच तऱ्हेचे. दोन दिवस तिने ते समाजभवनाच्या आतल्या फरशीवर घालून पाहिले.

“आत्या, पैर चिपक रहा है.”

“चांगले जोडे चिपकतेच. त्याचेही चिपकतेत.”

निघायच्या दिवशी मी तिची बॅग तपासली तर तळाशी, टॉवेलमध्ये गुंडाळून, जुने बूट. माझं डोकं फिरलं. असे भिकार बूट घेऊन मोठ्या हॉलमध्ये जायचं? लोक काय म्हणतील? मी ते काढून माझ्या कपाटावर टाकले. तिने बघितलं, आणि बॅगची चेन लावून घेतली. आमच्या घरात आत्याच्या पुढे कुणी बोलत नाही, नोकरी आत्याची आहे.

चाचणीत पहिली दहा मिनिटं ती सुरेख खेळली. पास असे दिले की बाकांवर बसलेल्या दुसऱ्या मुली कुजबुजायला लागल्या. तेवढ्यावरही तिचं काम झालं असतं, असं मला आज वाटतं. पण माझ्याने राहवलं नाही. निवड करणाऱ्यांपैकी एक जण माझ्या ओळखीचा होता. मी त्याच्याजवळ जाऊन मोबाईल पुढे केला. वर तो, खाली ती. त्याने दोनदा पाहिलं, हसला, आणि हात उंच करून खेळ थांबवला. “बेटा, वो वाला करके दिखाओ.”

तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

ती डाव्या बाजूने आली, भरधाव, आणि थांबली. म्हणजे पाय थांबला. ती थांबली नाही. गुडघा आत वळला आणि काहीतरी तुटल्याचा आवाज आला, तो बाकांपर्यंत ऐकू आला. ती ओरडली नाही. खाली बसली आणि बुटाकडे बघत राहिली. सगळे गुडघा बघत होते. ती बूट बघत होती.

संध्याकाळी दोन गार्डची नावं लागली. आम्ही तेव्हा हॉस्पिटलमध्ये होतो. गुडघ्यातला लिगामेंट तुटला होता. पुढे रायपूरला ऑपरेशन झालं. डॉक्टर आधी म्हणाले, वर्षभरात धावेल. वर्षभराने म्हणाले, चालते आहे हे काय कमी आहे. भावाने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. म्हणाला, “तू का मुद्दाम केलं? होऊन गेलं.” त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेऊन बसले असते. त्याने तेवढीही सोय ठेवली नाही.

ऑपरेशनच्या दुपारी मी बाहेरच्या बाकावर बसले होते. ग्रुपवर कुणीतरी हात जोडल्याच्या चित्रांसकट तीच क्लिप पुन्हा टाकली होती. ती मी शंभरदा तरी पाहिली असेल. त्या दिवशी मात्र वरच्या अर्ध्या भागाकडे बघवेना, म्हणून मी अंगठ्याने तो झाकला आणि फक्त खालचा पाहिला. भाची येते, पाय टेकवते, आणि तिच्या बुटाखालून धुरळ्याचा छोटा ढग उठतो. पाय वीतभर घसरतो आणि मग थांबतो. अंगठा काढला. वरच्याचा पाय चकचकीत फरशीवर जागच्या जागी रोवला जातो. त्याच्या मांड्या आणि गुडघे त्यासाठी कमावलेले आहेत, मागे माणसांची फौज आहे. या दोन गोष्टींत काडीचंही साम्य नव्हतं.

तिचं थांबणं आमच्या कोंड्याच्या धुळीतून, गुळगुळीत तळव्यांतून आणि खराट्याने रोज जपून सोडलेल्या त्या पट्टीतून आलं होतं. ते तिने स्वतः, एकटीने, माझ्या नाकासमोर बनवलं होतं. असं खेळणारं जगात दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही. आणि मी, जिला पाच मिनिटांत खेळ कळतो, मला ती अनोळखीच राहिली. त्या बाकावर मला स्वतःची किळस आली. ती अजून गेलेली नाही.

पुढे कधीतरी मी तिला विचारलं, “तू सांगितलं काहून नाही मले?”

“बोला तो था, आत्या.” एवढंच म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही, आठवण करून द्यावी तसं.

आता ती शंकरनगरला मोबाईलच्या कव्हरांच्या दुकानात काऊंटरवर असते. दिवसभर उभं राहून संध्याकाळी गुडघा सुजतो. जिना एकेक पायरी करत, डावा पाय आधी टेकवून उतरते. पुढच्या भरतीचं आमच्या घरात कुणी नाव काढत नाही. मी मैदानावर जाते, कारण न जाऊन घरी काय करायचं ते कळत नाही. परवा एका मुलीच्या बापाने विचारलं, “मैडम, हमारी बेटी किसके जैसा खेलती है?” मी म्हणाले, “पता नहीं.” तो नाराज झाला. दुसरीकडे नेतो म्हणाला. नेऊ दे.

मागच्या आठवड्यात दुकानाला सुट्टी होती. मी चारच्या सुमाराला मैदानावर पोचले तर भाची आधीच आलेली. गुडघा गेल्यापासून पहिल्यांदा. पोरी अजून यायच्या होत्या. तिने खराटा घेतला होता आणि लांबच्या रिंगपासून झाडत येत होती, पाय थोडा बाहेर टाकत, सावकाश. मी पायरीवर बसले. झाडत झाडत ती जाळीवाल्या रिंगपाशी आली, डाव्या बाजूला.

“तेवढं राहू दे ना,” मी म्हणाले.

तिने वर पाहिलं नाही. ती पट्टी झाडली, मग पुन्हा एकदा झाडली, धूळ पत्र्यावर गोळा केली आणि भिंतीपलीकडे टाकली. खराटा जागेवर ठेवून माझ्या शेजारी येऊन बसली. गुडघा हाताने धरून सरळ केला.

“हो गया पूरा,” म्हणाली.

थोड्या वेळाने पोरी आल्या आणि खेळायला लागल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते मैदान मी सांगायची तसं झाडलेलं होतं.